हातभर पांढरी

मापारीबुवांच्या तोंडून 'एक' हा आकडा मी आयुष्यात एकदाच ऐकला. एरवी त्यांची मोजणी 'लाभ' पासून सुरू व्हायची. कापसाच्या काट्यावर पहिलं वजन पडलं की मापारी 'एक' म्हणत नाही, 'लाभ' म्हणतो, आणि मग दोन, तीन. मोजणीचा आरंभ शुभ शब्दाने व्हावा, एवढाच त्यातला हेतू. ही रीत साऱ्या वऱ्हाडाची. पण बाकीचे मापारी बाजार उठला की तो शब्द काट्यापाशी ठेवून घरी जात; आमचे बुवा तो घरी घेऊन येत. ताटातली पहिली भाकरी लाभ, देवळाची पहिली पायरी लाभ. कुणी चेष्टेने विचारलं, "बुवा, बायका किती केल्या?" तर शांतपणे म्हणत, "लाभ. थे बी वारली." "अन् लेकरं?" "लाभ बी नाही." विचारणाऱ्याचं हसू जागच्या जागी थांबायचं आणि बुवा तळहातावर तंबाखू मळायला लागायचे.

मी तेव्हा अकोल्यात एका अडत्याकडे कारकून होतो. अडत्या म्हणजे शेतकऱ्यांचा कापूस विकून देणारा, आणि कारकून म्हणजे त्याच्या शिव्या खाणारा. कापसाला त्या वर्षांत जो भाव आला होता तो ऐकून माणसं आधी हसत आणि मग बैल जुंपत. अमेरिकेत म्हणे लढाई लागली होती आणि तिकडचा कापूस विलायतेला जाईनासा झाला होता. अमेरिका कोणत्या दिशेला आहे हे आमच्यापैकी कुणालाच ठाऊक नव्हतं. तरी ती लढाई लौकर मिटू नये म्हणून माझ्या थोरल्या भावाने आमच्या तेल्हाऱ्याच्या मारुतीला नारळ फोडला होता. मारुतीने ऐकलं, आणि आमच्यासारख्या कोरडवाहू माणसांच्या अंगावर जरीचे काठ आले.

अकोल्यात मात्र पाठ टेकायला जागा मिळेना. गाडीवान, हमाल, दलाल, कारकून असे सगळे एकदम येऊन पडले. गोठ्यातले बैल बाहेर निघाले आणि माणसं आत गेली. माझ्या खोलीत गव्हाण होती. तिच्यात मी कपडे ठेवत असे. अशा दिवसांत ज्याच्या हाती कापसाचा पैसा आला त्याला एकच स्वप्न पडायचं, की आपण एक चाळ घ्यावी, ओळीने खोल्या असाव्यात, खोलीखोलीत भाडेकरू असावा आणि आपण ओसरीवर बसून सुपारी कातरावी. आणि हे स्वप्न ज्याला पडलं तो माणूस कधी ना कधी मापारीबुवांच्या काट्यावर यायचाच. ज्याचा कापूस काट्यावर चढलेला असतो तो पळून जाऊ शकत नाही, ही गोष्ट बुवांनी फार पूर्वीच हेरली होती.

"पाटील, पयली चाळ घेनं म्हनजे पोरीले पाहुना पाहानं नाही," ते वजन टाकता टाकता सुरू करायचे. "पाहुना वाईट निघाला तं पोरगी माहेरी तरी येते. चाळ कुठं येते? मालकाले काही पुसू नका. मालक म्हनजे विकनारा. विकनाऱ्याले फक्त तब्येत पुसा." मग ते बोट वर करायचे. "चार गोष्टी सांगतो, याद ठेवा. लाभ."

लाभ म्हणजे विहीर. विहिरीचं पाणी तोंडात घेऊन कळत नाही, असा बुवांचा सिद्धान्त होता. ते उपरण्याच्या टोकाला मूठभर तुरीची डाळ बांधून फिरत. चाळ पाहायला गेले की विहिरीचं पाणी काढायला लावायचे, एखाद्या बिऱ्हाडाच्या चुलीवर भांडं चढवायला लावायचे आणि डाळ शिजेपर्यंत त्या घरच्या बाईशी सुखदुःखाच्या गोष्टी बोलत बसायचे. डाळ मऊ झाली तर पाणी गोडं, टणक राहिली तर मचूळ, आणि मचूळ पाण्याच्या चाळीत भाडेकरू टिकत नाही. हे खरंही असेल. पण शिजलेली डाळ बुवा मीठ मागून तिथेच खात, आणि चाळ पाहण्याची वेळ ते नेमकी जेवणाचीच का काढतात, हे कोडं आमच्या आळीत फार दिवस कुणाला कोडं वाटलं नाही.

दोन म्हणजे वलणी. चाळीतल्या दोरीवर लुगडी वाळत असली तर भाडेकरू कुटुंबवाले, ते राहणार. नुसती धोतरं असली तर सडेफटिंग, ते हंगाम संपला की पळणार. ही परीक्षा सांगताना ते माझ्या धोतराकडे पाहायचे. ते स्वतःही एकटेच होते, पण वलणीवर त्यांनी बायकोचं एक जुनं लुगडं धुऊन टाकलेलं असायचं. ते चाळमालकाचा मान राखायला टाकतात असं ते म्हणायचे. मी त्यावर पुष्कळ हसलो आहे. आता तेवढं हसू येत नाही.

तीन म्हणजे खोकला. खोलीत उभं राहून खोकायचं, आणि शेजारच्या खोलीतून कुणी "कोन हाय?" म्हणालं तर भिंत कच्ची. बुवा माझ्या भिंतीपलीकडे राहत. पहाटे ते आमच्या भिंतीची परीक्षा घेत. घसा खाकरून एक दणदणीत खोकला, मग शांतता. मी झोपेत "कोण?" म्हटलं की पलीकडून समाधानाने आवाज यायचा, "कच्ची." एकदा चिडून मी तोंडातून शब्द काढला नाही. तेव्हा त्यांनी बाहेर येऊन माझं दार ठोठावलं आणि काळजीने विचारलं, "बरं नाही का तुमाले?"

या तीन गोष्टींना आम्ही हसत होतो. चौथीला मात्र कुणी हसत नसे, कारण ती आमच्या बापजाद्यांची होती. वऱ्हाडात जमिनीची दोन नावं आहेत. शेताची ती काळी, गावठाणाची ती पांढरी. काळीत पीक घ्यायचं आणि पांढरीवर घर बांधायचं. पांढरी माती पिढ्यान्‌पिढ्या दबून बसलेली असते. तिच्यावरची भिंत हालत नाही. काळीचा भरवसा नाही. पावसात ती फुगते, उन्हाळ्यात आकसते आणि जागोजाग तडकते. पण अकोल्यात तेव्हा गावठाणाची पांढरी संपली होती आणि मोर्णेच्या पलीकडे, जिथे आगगाडी येणार म्हणत होते तिथे, कालपरवापर्यंत कापूस उभा असलेल्या वावरांत चाळी उठत होत्या. म्हणून बुवा सांगायचे, "चार. उंबऱ्याच्या उजव्या हाताले कोपर बुडेल इतकं खोदा. हातभर पांढरी निघाली तं घ्या. काळी निघाली तं मालकाले रामराम करा अन् घरी जा."

हे त्यांनी बाजारात किती जणांना सांगितलं असेल याची गणती नाही. बार्शीटाकळी त्यांचं गाव, तिथून येणाऱ्या प्रत्येक गाडीला सांगितलं. ज्यांना चाळ घ्यायची होती त्यांना सांगितलं, ज्यांना घ्यायची नव्हती त्यांना जास्त सांगितलं. शंका काढली तर त्यांच्याकडे अमरावती होती. उमेदीत एक हंगाम ते अमरावतीच्या बाजारात मापारी होते आणि त्या एका हंगामावर त्यांनी उरलेलं आयुष्य काढलं. "अमरावतीले असं नाही," एवढं म्हटलं की वाद संपला. अमरावतीला भिंती जाड, अमरावतीला विहिरी गोड्या, अमरावतीचा भाडेकरू भाडं द्यायला आपणहून येतो आणि दारात जोडे काढतो. मी पुढे कामानिमित्त अमरावतीला गेलो तेव्हा भाडेकरूला शोधत फिरणारे दोन मालक मला पहिल्याच आळीत भेटले. परत येऊन हे सांगितलं तर बुवा म्हणाले, "थे बाहेरगावचे असतीन."

त्यांच्या सल्ल्याने किती जणांनी चाळी घेतल्या? माझ्या माहितीत कुणीच नाही. चारही परीक्षांत उतरणारी चाळ अकोल्यात नव्हतीच. बुवा दर वेळी डाळ खाऊन नापसंतीची मान हलवत परत यायचे, आणि घेणारा एकतर निराश होऊन घरी जायचा किंवा त्यांना न विचारता दुसरी घ्यायचा.

मग माझा थोरला भाऊ आला. आम्ही त्याला दादा म्हणत असू. दादाच्या डोक्यात चाळ शिरली होती आणि त्यासाठी तो आमचं तेल्हाऱ्याचं वावर विकायला निघाला होता. सगळं मिळून तेवढंच वावर. काळंभोर, विहिरीलगतचं, वडिलांच्या मागे दादाने आणि वहिनीने स्वतः राबून ते राखलं होतं. वहिनी बरोबर आली होती. ती परक्या पुरुषाशी बोलत नसे. डोक्यावर पदर, नजर खाली. वाटेत गाडीत तिने दादाला एवढंच विचारलं म्हणे, की वावर विकल्यावर सकाळी उठून जायचं कुठे. दादाने उत्तर दिलं की जायचं नाही, बसायचं. ती त्यावर काही बोलली नाही. आमच्या घरात ती गप्प बसली की मला धास्ती वाटायची.

मी दादाला मोडता घालून पाहिला. तो म्हणाला, "तू कारकून मानूस. तुले काय समजते?" म्हणून मी त्याला बुवांच्या हवाली केलं. मला खात्री होती, की बुवा एकही चाळ पसंत करणार नाहीत, दादा कंटाळेल, आणि वावर राहील. पहिले दोन दिवस तसंच झालं. एका चाळीत डाळ खड्यासारखी राहिली, दुसरीत खोकल्याला तीन घरांतून उत्तर आलं. दादाचा चेहरा उतरू लागला आणि माझा खुलू लागला.

तिसऱ्या दिवशी आम्ही मोर्णा ओलांडून एका वखारवाल्याची नवी चाळ पाहायला गेलो. वखारवाला म्हणजे लाकडाचा व्यापारी. हसतमुख, पान खाणारा माणूस. त्याने आम्हांला काही विचारलं नाही, फक्त चूल पेटवून ठेवली होती. डाळ शिजली ती अशी की बुवांनी बोटाने दाबली तर पीठ झालं. वलणीवर लुगडीच लुगडी, एक तर हिरवं इरकली. बुवा खोकले. पलीकडून चकार शब्द आला नाही. ते पुन्हा खोकले, इतक्या जोराने की दादाने त्यांची पाठ चोळली. शांतता. मग त्यांनी उंबऱ्याच्या उजव्या हाताला खोदलं. कोपर बुडालं. मुठीत आली ती पांढरी, मऊ, जुनी माती.

बुवा माती हातात घेऊन उकिडवे बसून राहिले. इतकी वर्षं ज्या गोष्टीचं वर्णन केलं ती समोर आल्यावर माणसाला काय वाटत असेल कोण जाणे. दादा मात्र उभ्या उभ्या म्हणाला, "ठरलं. वावर इकतो."

तेव्हा वहिनी बोलली. बुवांशी नाही, दादाशी, पण सगळ्या चाळीला ऐकू जाईल अशी. "त्यायले पुसा जी, त्यायची सोताची चाळ कोनती हाय?"

ओसरीतल्या बाया पदराआड हसल्या. बुवा उठून उभे राहिले. "मनासारखी भेटली नाही अजून," ते म्हणाले, आणि त्यांच्या आवाजात प्रथमच अमरावती नव्हती.

"आज भेटली न," वहिनी दादालाच म्हणाली. "मंग थेच कावून नाही घेत?"

मी आजवर पुष्कळ वकील पाहिले, पण असा प्रश्न कुणी विचारलेला पाहिला नाही. बुवा काहीतरी पुटपुटले, डाळीचं भांडं तसंच ठेवून चालू लागले. ती डाळ त्यांनी खाल्ली नाही, आणि हे मला त्याच वेळी खटकायला हवं होतं.

दादा वावराला गिऱ्हाईक पाहायला तेल्हाऱ्याला गेला. तो परत येण्याच्या आत बुवांनी बार्शीटाकळीचं आपलं वडिलोपार्जित घर विकलं आणि ती चाळ घेतली. बार्शीटाकळीचं ते घर मी पाहिलं होतं. लहानसं, धाब्याचं, आणि गावाच्या मधोमध अस्सल पांढरीवर पिढ्यान्‌पिढ्या उभं. भिंतीला टाचणीएवढी चीर नव्हती. खरी पांढरी विकून त्यांनी हातभर पांढरी घेतली. वहिनीच्या एका प्रश्नाचं उत्तर देण्यासाठी.

दादा संतापला. "माही चाळ चोरली," असं तो येताजाता म्हणत होता. बुवांचं नाव निघालं की थुंकत होता. मी त्याला समजावलं नाही, कारण वावर राहिलं होतं आणि त्यापुढे मला दादाच्या संतापाची पर्वा नव्हती. वहिनी त्या हंगामात नेहमीपेक्षा दोन लुगडी जास्त फाटेपर्यंत राबली आणि एकदाही त्या दिवसाबद्दल बोलली नाही.

पुढचं थोडक्यात सांगतो. अमेरिकेतलं भांडण मिटलं, मारुतीने नारळाची मुदत संपली असं ठरवलं असावं. कापसाचा भाव पडला, गाडीवान गेले, दलाल गेले, गोठ्यांत पुन्हा बैल आले. अडत्याने मला काढलं आणि मी शाळेत मास्तर झालो. बुवा त्या चाळीतच राहिले, जिची भिंत त्यातल्या त्यात बरी त्या खोलीत, आणि म्हातारपणी तिथेच गेले. शेवटपर्यंत सल्ला देत होते. त्यांच्या पश्चात खोलीत एक उपरणं निघालं, टोकाला डाळ बांधलेली, किडलेली. ती सोडवताना माझे डोळे भरून आले हे मी कबूल करतो, आणि हेही कबूल करतो की जिवंतपणी त्या माणसाने माझ्या झोपेचं खोबरं केलं होतं.

पण मला बुवा आठवतात ते चाळ घेतल्यानंतरच्या पहिल्या वैशाखातले. चाळ घेतली मार्गशीर्षात, तेव्हा जमिनीत ओल होती आणि सगळं मिटून होतं. ऊन तापलं तशी वखारवाल्याची चाळ बोलू लागली. आधी गिलावा उडाला, मग कोपरे सुटले, मग भिंती वरपासून खालपर्यंत उभ्या चिरल्या. बुवांनी उंबऱ्यापासून थोडं दूर खोदलं. काळी. आणखी दूर खोदलं. काळी. पांढरी होती ती फक्त उंबऱ्याच्या उजव्या हाताला, कुठल्याशा पडक्या गढीची गाडीभर आणून टाकलेली.

ते वखारवाल्याकडे भांडायला गेले तेव्हा मी बरोबर होतो. वखारवाल्याने त्यांना पान दिलं. मग म्हणाला, "रागावू नका बुवा. मी का चाळ बांधनारा मानूस हाय? लाकडं इकतो. चाळ कशी असाले पायजे, थे तुमीच तं काट्यावर सांगून राहिले होते. मी उभ्या उभ्या ऐकलं. डाळीच्या पान्यात पापडखार टाकला, लुगडी बहिनीकडून आनली, शेजाऱ्याले तोंड दाबून बसाले सांगतलं. चारी गोष्टी तुमच्याच. मी का एक तरी मनची केली?"

बुवांनी ते पान तोंडात टाकलं आणि निघाले. परत येताना मोर्णेच्या पात्रात उभे राहून ते म्हणाले, "ऐकत व्हता तं बरं ध्यान देऊन ऐकत व्हता." त्यांना त्यातही थोडं बरं वाटलं होतं, असा मला संशय आहे.

त्याच वैशाखात दादा-वहिनी नात्यातल्या एका लग्नाच्या खरेदीला अकोल्याला आले. चोरीला गेलेली चाळ पाहायची म्हणून दादाने हट्ट धरला. बुवा ओसरीवर बाजेवर बसले होते. वलणीवर एकच लुगडं होतं, ते मला ओळखू आलं. दादा इकडून तिकडे फिरला, भिंती पाहिल्या, आणि त्याचा चेहरा हळूहळू बदलत गेला. शिव्या देण्यासाठी तो मार्गशीर्षापासून शब्द जमवत होता, ते सगळे वाया गेले.

"बुवा," तो अखेर म्हणाला, "मी घेतली असती तं..."

वहिनी पुढे झाली. भिंतीतल्या एका भेगेत तिने हात घातला. बांगड्यांपर्यंत आत गेला. मग पदर सावरून ती प्रथमच थेट बुवांशी बोलली. आवाजात चेष्टा नव्हती, उलट घरच्या माणसाशी बोलावं तशी माया होती.

"आमच्या वावरात बी यवढ्याच भेगा पडतेत जी. पन तिथं आमी कापूस पेरतो. झोपाले घरी जातो."

बुवांनी मान वर करून तिच्याकडे पाहिलं. बार्शीटाकळीचं घर त्यांच्या डोळ्यांसमोर आलं असावं, निदान मला तसं दिसलं. दादाने अवघडून, काहीतरी बोलायचं म्हणून विचारलं, "किती भेगा हायत बुवा, सगळ्या मिळून?"

बुवा बाजेवरून उठले. वहिनीने हात काढला होता त्या भेगेत त्यांनी आपला हात घातला, आणि मोजायला सुरुवात केली,

"एक."